टांझानियाचे न्येरेरे, दार-ए-सलामचे विद्यापीठ आणि कर्मवीरांशी तुलना: मार्गदर्शन हवे

प्रश्न: अजिंक्यतारा, सातारा

नमस्कार. मी साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आमच्या वाचनालयात एकेका देशावर अभ्यासवर्ग होतो आणि या वेळी टांझानिया माझ्या वाट्याला आला आहे. आफ्रिकेविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा जंगल, दुष्काळ आणि यादवी यांच्यापलीकडे जात नाही. म्हणूनच हा वर्ग मला त्या देशाची माणसे आणि त्यांनी उभ्या केलेल्या शिक्षणसंस्था यांच्याभोवती बांधायचा आहे.

आतापर्यंतचे माझे टिपण थोडक्यात असे आहे. टांगानिका ९ डिसेंबर १९६१ रोजी स्वतंत्र झाला, २६ एप्रिल १९६४ रोजी त्याचे झांझिबारशी एकीकरण झाले आणि त्याच वर्षी टांझानिया हे नाव ठरले. ज्युलियस न्येरेरे हे व्यवसायाने शिक्षक. त्यांनी युगांडातील मकेरेरे येथे अध्यापनाचे शिक्षण घेतले, एडिंबरा विद्यापीठातून १९५२ साली एम.ए. केले आणि परत येऊन दार-ए-सलामजवळच्या पुगू येथील मिशनच्या शाळेत नोकरी धरली. ७ जुलै १९५४ रोजी ‘टानू’ हा पक्ष स्थापन झाल्यावर नोकरी आणि राजकारण यांतून एक निवडण्याची वेळ आली, तेव्हा १९५५ साली त्यांनी शाळा सोडली. १९६२ ते १९८५ ते राष्ट्राध्यक्ष होते आणि स्वतःहून पायउतार झाले. भारत सरकारचा पहिला गांधी शांतता पुरस्कार १९९५ साली त्यांनाच देण्यात आला.

माझ्या शंका दोन आहेत. पहिली अशी की, मराठीत जे काही वाचायला मिळते त्यात न्येरेरे यांच्यापुढे कोणी जात नाही. त्या देशातील विद्यापीठे कशी उभी राहिली आणि त्यांतून पुढे आलेली कोणती माणसे वर्गासमोर ठेवावीत?

दुसरी शंका अधिक नाजूक आहे. न्येरेरे यांनी मार्च १९६७ मध्ये स्वावलंबनासाठी शिक्षण कसे असावे याचे एक सविस्तर निवेदन काढले. प्रत्येक शाळेला स्वतःचे शेत असावे, मुलांनी त्यात राबावे, शाळेचा काही खर्च त्यातून निघावा आणि शिकलेल्या मुलाला मातीची लाज वाटू नये, असे त्याचे सूत्र होते. ते वाचताना ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयत शिक्षण संस्थेचे वाक्य साताऱ्याच्या माणसाला आठवल्यावाचून राहणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटील आणि न्येरेरे यांची ही तुलना वर्गात मांडली तर ती टिकेल का, की ओढूनताणून केल्यासारखी वाटेल?

प्रतिसाद: कृष्णाकाठ, सांगली

ताई, विषय उत्तम निवडला आहे. मी महाविद्यालयात पुष्कळ वर्षे आफ्रिकेचा आधुनिक इतिहास शिकवला असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

ब्रिटिशांनी आमच्या हाती दिला तो ८५ टक्के निरक्षर, दोन अभियंते आणि बारा डॉक्टर असलेला देश, असे न्येरेरे यांनी आयुष्याच्या अखेरीस एका मुलाखतीत सांगितले होते. सांगलीच्या श्रोत्याला या वाक्याचे वजन सहज कळेल, कारण आपल्याकडे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आणि आजचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे. एका मध्यम शहरात जी सोय स्वातंत्र्यापूर्वी झाली होती, ती त्या अख्ख्या देशात नव्हती. उच्च शिक्षण हवे असेल तर मकेरेरेला किंवा थेट परदेशी जाणे एवढाच मार्ग होता.

अशा देशात स्वातंत्र्याच्या काही आठवडे आधी, २५ ऑक्टोबर १९६१ रोजी, दार-ए-सलाम येथे विद्यापीठीय महाविद्यालय सुरू झाले. स्वतःची जागा नव्हती, म्हणून लुमुंबा रस्त्यावरील पक्षाच्या इमारतीत वर्ग भरले. शाखा एकच, कायद्याची. विद्यार्थी पंधराच्याही आत आणि पदवी लंडन विद्यापीठाची. १९६३ साली हे महाविद्यालय मकेरेरे आणि नैरोबी यांच्यासह पूर्व आफ्रिका विद्यापीठाचा घटक झाले, १९६४ साली शहराबाहेरच्या टेकडीवर म्हणजे आजच्या म्लिमानी परिसरात गेले आणि १ जुलै १९७० रोजी त्याचे स्वतंत्र राष्ट्रीय विद्यापीठ झाले. आपले शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचे आहे, म्हणजे ही दोन्ही विद्यापीठे जवळपास एका वयाची आहेत. वर्गात हे अवश्य सांगावे.

मात्र सनावळीपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो सत्ताधारी आणि विद्यापीठ यांच्यातील संघर्ष. न्येरेरे हे नव्या राष्ट्रीय विद्यापीठाचे कुलपती होते आणि पहिले कुलगुरू पायस म्सेक्वा हे पक्षाच्या संघटनेतून आलेले, म्हणजे विद्यापीठ पक्षाच्या विचाराने चालावे अशी उघड अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या टेकडीवरून सरकारला सतत प्रश्न विचारले गेले. माझ्या मते त्या विद्यापीठाची खरी कमाई हीच आहे आणि आपण आपला वर्ग या सूत्राभोवती बांधावा.

पहिला मोठा प्रसंग २२ ऑक्टोबर १९६६ चा. पदवीधरांना राष्ट्रीय सेवा सक्तीची करण्यात आली होती. काही महिने शिबिरात काढायचे आणि उरलेला काळ पगाराचा मोठा हिस्सा सोडून काम करायचे, अशी ती योजना होती. विद्यार्थ्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानावर मोर्चा नेला आणि याहून वसाहतीचा काळ बरा होता अशा आशयाचे फलक हाती धरले. न्येरेरे यांना तो शब्द फार लागला. सुमारे चारशे विद्यार्थ्यांना त्यांनी तेथल्या तेथे घरी पाठवले. त्या काळच्या विद्यार्थीसंख्येच्या मानाने हा आकडा प्रचंड आहे. पण मुलांना स्वार्थी म्हणताना आपलेही पगार जास्त आहेत हे त्यांनी त्याच वेळी मान्य केले आणि स्वतःचा पगार वीस टक्क्यांनी कमी केला. पुढच्या चार महिन्यांत, ५ फेब्रुवारी १९६७ रोजी, पक्षाचे समाजवादी धोरण सांगणारे अरुशा घोषणापत्र आले. त्यात पुढाऱ्यांनी दुसरा पगार घेऊ नये, घरे बांधून भाड्याने देऊ नयेत, कंपन्यांत भागीदारी ठेवू नये असे निर्बंध होते. शिक्षणाचे जे निवेदन आपण वाचले, ते याच ओघात पुढच्या महिन्यात निघाले. म्हणून १९६६ चा मोर्चा वगळून ते निवेदन शिकवले तर त्याचा निम्मा अर्थ निसटतो.

यानंतरच्या दहा वर्षांत दार-ए-सलाम हे साऱ्या आफ्रिकेतील तरुणांचे वैचारिक केंद्र झाले. पोर्तुगीज वसाहतींविरुद्ध लढणाऱ्या संघटनांची कार्यालये शहरात होती. मोझांबिकच्या मुक्तिलढ्याचे नेते एदुआर्दो मोंडलेन यांचा ३ फेब्रुवारी १९६९ रोजी याच शहरात पुस्तकाच्या पार्सलमधील बाँबने बळी घेतला. गयानाचे वॉल्टर रॉडनी, चोविसाव्या वर्षी लंडनची डॉक्टरेट मिळवलेले, १९६६-६७ मध्ये आणि पुन्हा १९६९ ते १९७४ या काळात येथे इतिहास शिकवत होते. युरोपने आफ्रिकेचा विकास कसा खुंटवला हे मांडणारा त्यांचा ग्रंथ १९७२ साली लंडन आणि दार-ए-सलाम येथील प्रकाशनसंस्थांनी मिळून काढला. रॉडनींचे ऐकणाऱ्यांत योवेरी मुसेवेनी होते, जे पुढे युगांडाचे राष्ट्राध्यक्ष झाले. दक्षिण सुदानच्या लढ्याचे नेतृत्व करणारे जॉन गरांग हेही काही काळ तेथे अभ्यासासाठी होते. मुसेवेनींनी पुढे सत्तेला ज्या चिकाटीने धरून ठेवले ते पाहता विद्यापीठाच्या श्रेयात त्यांचे नाव कितपत मोजावे, हा प्रश्न आपण श्रोत्यांपुढे खुशाल ठेवावा.

या सर्वांत मला सर्वांत आदर वाटतो तो इसा शिवजी यांच्याविषयी. भारतीय वंशाचे, किलोसा या लहान गावी १९४६ साली जन्मलेले, कायद्याचे विद्यार्थी. १९७० साली विद्यार्थ्यांच्या ‘चेचे’ या नियतकालिकात त्यांनी एक दीर्घ निबंध लिहिला. उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले म्हणजे समाजवाद आला असे नाही, कारण शेतकरी आणि कामगार आहेत तेथेच राहून कारभाऱ्यांचा एक नवा वर्ग सत्तेवर बसतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते नियतकालिक त्याच वर्षी बंद करण्यात आले आणि विद्यार्थ्यांच्या क्रांतिकारी संघटनेलाही गाशा गुंडाळावा लागला. शिवजी मात्र देश सोडून गेले नाहीत. त्याच विद्यापीठात त्यांनी कायदा शिकवला, जमिनीच्या हक्कांवर आयुष्यभर काम केले आणि २००८ साली तेथे न्येरेरे यांच्या नावाने अध्यासन निर्माण झाले तेव्हा त्याचे पहिले मानकरी तेच ठरले. न्येरेरे यांचे तीन खंडांतील चरित्र दोन सहकाऱ्यांसह त्यांनी २०२० साली पूर्ण केले.

प्रतिसाद: ऊसपट्टा, वाळवा तालुका

सरांनी दार-ए-सलामविषयी लिहिले आहे, त्याला मी मोरोगोरोची जोड देतो. आपल्या भागातील साखर कारखान्यांत तयार झालेले तंत्रज्ञ आफ्रिकेत जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. मीही किलोंबेरोच्या खोऱ्यातील उसाच्या पट्ट्यात गाळपाचे काही हंगाम काढले. तेथून दार-ए-सलामला जाताना मोरोगोरो वाटेतच लागते. उलुगुरू डोंगराच्या पायथ्याचे हे गाव पाहिले की आपल्याकडच्या माणसाला सह्याद्रीची आठवण येते.

या गावात सोकोईने कृषी विद्यापीठ आहे. १९६५ साली कृषी महाविद्यालय म्हणून सुरुवात झाली, १९७० पासून ते दार-ए-सलाम विद्यापीठाची कृषी शाखा होते आणि १ जुलै १९८४ रोजी त्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. नाव एडवर्ड सोकोईने यांचे. ते दोनदा पंतप्रधान झाले आणि १२ एप्रिल १९८४ रोजी मोटार अपघातात वारले. मासाई समाजात जन्मलेला हा माणूस साधेपणासाठी आणि काळ्या बाजारवाल्यांविरुद्ध काढलेल्या मोहिमेसाठी ओळखला जाई. माझ्या हाताखाली काम करणारी वयस्क माणसेसुद्धा त्यांचे नाव निघाले की आवाज खाली आणून बोलत. न्येरेरे यांच्यानंतर हाच माणूस राष्ट्राध्यक्ष झाला असता, असे तेथे आजही अनेकांना वाटते. तुमच्या यादीत सोकोईने हवेतच.

आता एक गोष्ट सांगतो, जी तुमच्या वर्गातील मुलांना नक्की आवडेल. या विद्यापीठाच्या आवारात ‘अपोपो’ नावाची मूळची बेल्जियन संस्था २००० सालापासून काम करते. ती आफ्रिकेतील थैलीगाल उंदरांना जमिनीत पुरलेले सुरुंग हुंगून शोधायला शिकवते. हे उंदीर आपल्या घुशीपेक्षाही मोठे असतात, पण वजन किलो-दीड किलोच्या आसपास असल्यामुळे त्यांच्या पायाखाली सुरुंग फुटत नाही. मी सरावाचे मैदान पाहिले आहे. आखून घेतलेल्या पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन प्रशिक्षक उभे असतात, त्यांच्यामध्ये दोरी ताणलेली असते आणि अंगाला पट्टा बांधलेला उंदीर त्या दोरीच्या आधाराने या टोकाकडून त्या टोकाकडे नाक जमिनीला लावून जातो. स्फोटकाचा वास आला की तो थांबून माती उकरतो. लगेच टिक असा आवाज होतो आणि त्याला केळ्याचा तुकडा मिळतो. ऊन चढले की काम बंद, म्हणून हे सर्व सकाळी लवकर चालते. अशाच पद्धतीने शिकवलेले दुसरे उंदीर प्रयोगशाळेत क्षयरोग्यांच्या थुंकीचे नमुने हुंगतात आणि सूक्ष्मदर्शकातून निसटलेले रुग्ण दाखवून देतात. येथे तयार झालेल्या मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात शंभराहून अधिक सुरुंग आणि न फुटलेली स्फोटके शोधली. त्याबद्दल २०२० साली त्याला ब्रिटनमधील एका प्राणी-कल्याण संस्थेचे शौर्यपदक मिळाले.

पहिल्या पिढीतील विद्यापीठे फक्त राज्यकर्ते आणि विचारवंत तयार करत होती असे चित्र सरांच्या लिखाणातून कोणी घेऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले. कारखान्यातील आमचे कृषी अधिकारी, जनावरांचे डॉक्टर, जंगल खात्याची माणसे यांतील कितीतरी जण मोरोगोरोचेच होते. त्यांची नावे कोठे छापून येत नाहीत. पण ऊस कधी तोडावा आणि कोणत्या जातीवर काणी पडते हे ते आमच्याशी ज्या अधिकाराने बोलत, त्यावरून त्यांच्या शिक्षणाचा कस कळे.

आणखी एक. मी होतो तेव्हा ५०० शिलिंगच्या नोटेवर मागील बाजूस दार-ए-सलाम विद्यापीठातील नक्रुमा सभागृहाचे चित्र होते. घानाच्या नेत्याचे नाव आपल्या विद्यापीठातील सभागृहाला द्यायचे आणि ती इमारत चलनावर छापायची, यावरून त्या पिढीची आफ्रिकेकडे पाहण्याची दृष्टी समजते.

प्रतिसाद: मिरजेची मुख्याध्यापिका

अजिंक्यतारा ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नावर मला स्पष्ट लिहावेसे वाटते, कारण कर्मवीर आणि न्येरेरे या दोघांविषयीही माझ्या मनात आदर आहे आणि घाईने केलेल्या तुलनेत दोघांवरही अन्याय होतो.

दोघांत साम्य आहेच. श्रमाला प्रतिष्ठा, शिकणाऱ्याने आपल्या शिक्षणाचा भार थोडा तरी स्वतः उचलणे आणि शिकून गावाकडे पाठ न फिरवणे, ही तिन्ही सूत्रे दोघांकडे सापडतात. पण कर्मवीरांनी १९१९ साली काले येथे संस्था स्थापन केली तेव्हा त्यांच्या हातात सत्ता नव्हती. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले ते लोकांकडून धान्य आणि पैसा गोळा करून, आणि मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले. त्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत. काम करून शिकायचे हे तेथे येणाऱ्या मुलाने आणि त्याच्या आईवडिलांनी पत्करलेले असे, कारण त्याशिवाय शिक्षणाची वाटच नव्हती. न्येरेरे यांच्याकडे राज्यसत्ता होती. त्यांचे निवेदन परिपत्रक होऊन प्रत्येक शाळेत पोहोचले आणि परिपत्रक झाले की चांगल्या कल्पनेचे जे होते ते तेथेही झाले. अनेक शाळांत शेती हा शिक्षणाचा भाग न राहता मुलांकडून काढून घ्यायचे काम ठरले. आम्ही पोरे शिकायला पाठवली, नांगरायला नव्हे, अशी पालकांची तक्रार होती. शहाण्या पालकाची ती तक्रार होती, एवढे मान्य केले पाहिजे.

याचा पुढचा टप्पा अधिक कठीण आहे. नोव्हेंबर १९७४ मध्ये मुसोमा येथे पक्षाने ठराव केला की, सर्व मुलांना प्राथमिक शिक्षण देण्याचे उद्दिष्ट १९७७ पर्यंत गाठायचे, आणि त्याच ठरावाने माध्यमिक शिक्षण संपवून थेट विद्यापीठात जाण्याचा मार्ग बंद झाला. आधी नोकरी करायची, मग वरिष्ठांची आणि पक्षाच्या शाखेची शिफारस आणायची आणि नंतरच प्रवेश. कामगाराला आणि शेतकऱ्याला विद्यापीठाची दारे उघडावीत हा हेतू प्रामाणिक होता. परंतु विज्ञान शाखांना विद्यार्थी कमी पडू लागले आणि मुलींची संख्या घसरली, कारण मधल्या काळात त्यांची लग्ने होत. दोनेक वर्षांत मुलींना या अटीतून सूट द्यावी लागली. मी मुलींच्या शाळेत आयुष्य घालवले आहे. दहावी आणि पुढचा प्रवेश यांच्यात एका वर्षाची जरी फट पडली तरी किती मुली त्या फटीतून कायमच्या निसटतात हे मला कोणत्याही अहवालाशिवाय ठाऊक आहे.

माध्यमिक शाळांकडे झालेले दुर्लक्ष ही माझी मुख्य तक्रार आहे. न्येरेरे यांनी स्वतःच १९६७ च्या निवेदनात म्हटले होते की, प्राथमिक शाळेतील सुमारे १३ टक्के मुलांनाच पुढे माध्यमिक शाळेत जागा मिळते, म्हणून प्राथमिक शिक्षण स्वतःत पूर्ण असावे. विचार समजतो. पण पुढे कितीतरी वर्षे माध्यमिक शाळा मूठभरच राहिल्या. रयतने याच्या नेमके उलट केले. खेडोपाडी माध्यमिक शाळा काढल्या, १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय उभे केले, आणि मधला जिना कोठे तुटू दिला नाही.

भाषेचा प्रश्नही असाच अर्धवट राहिला. १९६७ पासून प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत झाले, शंभराहून अधिक भाषांचा देश एका भाषेने बांधला गेला आणि प्रौढ साक्षरतेत त्यांनी जे साधले ते आपल्याला हेवा वाटावा असे आहे. माध्यमिक शिक्षण मात्र इंग्रजीतच राहिले. १९८२ साली राष्ट्राध्यक्षांनीच नेमलेल्या आयोगाने ते टप्प्याटप्प्याने स्वाहिलीत आणण्याची शिफारस केली, ती सरकारने स्वीकारली नाही. सात वर्षे एका भाषेत शिकलेले मूल आठव्या वर्षी एकदम दुसऱ्या भाषेत ढकलले गेले की काय होते, हे आपल्या गावोगावच्या शिक्षकांना सांगायला नको.

म्हणून माझे मत असे की, तुलना जरूर मांडावी, पण साम्य पाच मिनिटांत सांगून उरलेला वेळ फरकाला द्यावा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: अजिंक्यतारा, सातारा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मिरजेच्या बाईंचे म्हणणे मला पूर्ण पटले. आता माझ्या टिपणातील ‘आफ्रिकेचे कर्मवीर’ हे शीर्षक मी काढून टाकत आहे.

सरांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. १९६६ साली घरी पाठवलेल्या त्या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले? आणि आतापर्यंतच्या नावांत एकही स्त्री नाही. आमच्या वाचनालयात निम्म्याहून अधिक श्रोत्या महिला असतात, तेव्हा ही उणीव मला भरून काढायची आहे.

प्रतिसाद: कृष्णाकाठ, सांगली

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, त्यातील बहुतेकांना पुढच्या वर्षी परत घेण्यात आले. राष्ट्रीय सेवा मात्र रद्द झाली नाही, म्हणजे न्येरेरे यांनी माणसांना क्षमा केली आणि मुद्दा सोडला नाही. मार्च १९७८ मध्ये मंत्र्यांच्या आणि खासदारांच्या वाढवलेल्या सवलतींविरुद्ध विद्यार्थी पुन्हा रस्त्यावर आले आणि पुन्हा शेकडो जणांना काढण्यात आले. गंमत नव्हे, गांभीर्याची बाब अशी की, या वेळी विद्यार्थी अरुशा घोषणापत्राचीच भाषा बोलत होते. बारा वर्षांत बाजू उलटल्या होत्या, आणि मोर्चाला मिळालेले उत्तर तेच राहिले होते. न्येरेरे यांच्याविषयी अतिशय आदर असूनही येथे त्यांची बाजू मला घेता येत नाही. याच काळात लाखो शेतकऱ्यांना त्यांच्या विखुरलेल्या वस्त्यांतून उठवून, अनेक ठिकाणी बळाने, नव्या गावांत बसवण्यात आले होते. टेकडीवरचे टीकाकार ऐकून घेतले असते तर त्यातील काही तरी टळले असते, असे मला वाटते.

स्त्रियांच्या बाबतीत प्रारंभ विद्यापीठाबाहेरून करावा. बीबी तीती मोहमद यांचे औपचारिक शिक्षण अगदी थोडे, पण दार-ए-सलाममधील स्त्रियांची गाणी म्हणणारी मंडळे त्यांनी पक्षाकडे वळवली आणि स्वातंत्र्यलढ्यात हजारो स्त्रिया आणल्या. पुढे न्येरेरे यांच्याशी त्यांचे बिनसले. राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना जन्मठेप झाली आणि १९७२ साली त्यांची सुटका झाली. आज त्या शहरातील एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे.

विद्यापीठातून आलेल्यांत आशा-रोझ मिगिरो यांना मी वर ठेवीन. दार-ए-सलामला कायदा शिकल्या, जर्मनीतून १९९२ साली डॉक्टरेट घेतली, परत येऊन त्याच कायदा शाखेत शिकवले, देशाच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री झाल्या आणि २००७ ते २०१२ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या उपमहासचिव होत्या. सामिया सुलुहू हसन १९ मार्च २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्या झांझिबारच्या असून त्यांनी म्झुंबे येथील प्रशासन-शिक्षणाच्या संस्थेत शिक्षण घेतले, जी आता विद्यापीठ आहे. त्यांच्या आधीचे जॉन मागुफुली एकेकाळी शाळेत रसायनशास्त्र आणि गणित शिकवत असत. त्यांची डॉक्टरेटही दार-ए-सलामचीच. न्येरेरे यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेले अली हसन म्विनी हेही मूळचे शिक्षक. म्विनींनंतरचे राष्ट्राध्यक्ष बेंजामिन म्कापा मात्र मकेरेरेचे पदवीधर, कारण त्यांच्या शिक्षणाच्या वेळी घरच्या देशात विद्यापीठच नव्हते. त्यांच्यानंतर आलेले जकाया किक्वेते हे दार-ए-सलामला अर्थशास्त्र शिकून राष्ट्राध्यक्ष झाले आणि निवृत्तीनंतर त्या विद्यापीठाचे कुलपतीही झाले.

प्रतिसाद: कोयनाकाठ, कराड

झांझिबार राहून गेले आहे, म्हणून थोडक्यात भर घालतो. सलीम अहमद सलीम हे तेथील. वयाच्या बाविसाव्या वर्षी राजदूत झाले, भारतात उच्चायुक्त असताना दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात शिकले आणि १९८९ ते २००१ अशी बारा वर्षे आफ्रिकी ऐक्य संघटनेचे महासचिव होते. १९८१ साली ते संयुक्त राष्ट्रांचे महासचिव होण्याच्या अगदी जवळ पोहोचले होते, पण अमेरिकेने नकाराधिकार वापरला.

२०२१ सालचे साहित्याचे नोबेल मिळालेले अब्दुलरझाक गुर्ना यांचा जन्मही झांझिबारचा, १९४८ सालचा. जानेवारी १९६४ च्या क्रांतीनंतर अरब आणि आशियाई वंशाच्या लोकांवर जी वेळ आली तीत त्यांना देश सोडावा लागला आणि त्यांची अध्यापकी कारकीर्द मुख्यतः इंग्लंडमधील केंट विद्यापीठात गेली. देशाने घडवलेल्यांबरोबर देशाने गमावलेली माणसेही वर्गात यावीत, एवढ्यासाठी हे नाव सुचवतो. भारताशी ताजा दुवा हवा असेल तर आयआयटी मद्रासचे परदेशातील पहिले संकुल २०२३ साली झांझिबारलाच सुरू झाले आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: अजिंक्यतारा, सातारा

वर्गाची मांडणी आता ठरली. प्रारंभ १९६६ च्या मोर्चाने करीन, त्यानंतर शिवजी आणि बीबी तीती, मग मिरजेच्या बाईंनी सांगितलेले शाळांचे प्रश्न आणि तेथे रयतचा संदर्भ. सोकोईने विद्यापीठाचा भाग मुलांसाठी वेगळा ठेवते. ऊसपट्टा दादा, सरावाच्या मैदानाची छायाचित्रे आपल्याकडे असतील तर व्यक्तिगत संदेशातून पाठवावीत, वाचनालयाच्या पडद्यावर दाखवता येतील.